गाडी धुताना ओरखडे का पडतात? धूळ, पाणी आणि कापडाचं विज्ञान



आजचा धडा पाठ्यपुस्तकातला नाही, सोसायटीच्या पार्किंगमधला आहे. गाडी धुवायची, पण रंगावर ओरखडे पडू द्यायचे नाहीत, हे कसं जमवायचं ते आज आपण पाहणार आहोत. विषय घरगुती वाटेल, पण त्यात कठीणपणा, घर्षण, प्रकाशाचं परावर्तन आणि पाण्याची बचत असं बरंच काही दडलेलं आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही वाचावं. स्टीलचं ताट तर प्रत्येकाच्या घरी असतं, आणि हा अर्धा धडा ताटावरच शिकता येतो.

एका तक्रारीची गोष्ट

मी काशीगावात राहते. मीरा रोडच्या पूर्वेला, महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जिथे एकमेकांना मिळतात त्या काशीमिऱ्याजवळचा हा भाग. आता मेट्रो ९ च्या मार्गावर 'काशीगाव' नावाचं स्थानकच आहे, त्यामुळे नाव पुष्कळांच्या कानावर गेलं असेल. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसरीकडे महामार्गावरची अवजड वाहतूक आणि सगळीकडे इमारतींची बांधकामं. पावसाळा सरला की इथे धूळ सुरू होते. सकाळी पुसलेल्या गाडीच्या काचेवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं.

आमच्या सोसायटीत एक दादा रोज पहाटे गाड्या पुसतात. वीस-पंचवीस गाड्या, एक बादली आणि दोन-तीन फडकी. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेत शिकतो. गेल्या वर्षी गणपतीनंतरच्या बैठकीत एका सदस्यांनी तक्रार मांडली, "माझ्या काळ्या गाडीवर गोल गोल ओरखडे पडलेत. हा माणूस खरखरीत फडकं वापरतो." दादांनी फडकं आणून दाखवलं. जुन्या बनियनचं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. तरी त्यांच्या त्या महिन्याच्या पैशांतून पाचशे रुपये कापायचं ठरलं. मी तिथे होते. ओरखडे आहेत म्हणजे कोणीतरी जोरात घासलं असणारच, असं मलाही वाटलं. मी मान डोलावली.

माझी गाडी मी स्वतःच धुते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती धुवायला घेतली. आठवडाभर हात लागला नव्हता, धुळीने माखली होती, आणि शाळेबाहेर उभी असताना कोण्या पोराने बॉनेटवर बोटाने लिहून ठेवलं होतं, "मला धुवा". मला हसू आलं. गाडी धुतली, पुसली, आणि संध्याकाळी पार्किंगच्या दिव्याखाली पाहते तर अक्षरं तिथेच! धूळ गेली होती, पण "मला धुवा" राहिलं होतं.

आता सांगा, बोट काही खरखरीत नसतं. बोटाने स्वच्छ गाडीवर कितीही लिहा, काही उमटत नाही. मग ही अक्षरं कोणी कोरली? बोटाखालच्या धुळीने. हे लक्षात आलं आणि दादांचं ते मऊ फडकं डोळ्यांसमोर आलं.

रंगाचा थर असतो तरी किती?

गाडीचा रंग हा एकच थर नसतो. पोलादी पत्र्यावर आधी गंजापासून वाचवणारे थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर. त्याला कारागीर 'क्लिअर कोट' म्हणतात. आपल्याला दिसणारी चकाकी या वरच्या थराची. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. १,००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर, हे मुलांना आठवत असेलच. त्यातला पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण ज्याला घासतो, तो थर जवळपास केसाएवढा, नाहीतर त्याहूनही बारीक असतो.

हा थर काचेसारखा दिसतो, पण काच नाही. ते एक प्रकारचं प्लॅस्टिक आहे आणि काचेपेक्षा कितीतरी मऊ आहे. ऊन, पाऊस सोसतो, पण बारीक खड्यापुढे टिकत नाही.

आता धुळीकडे वळू. कोणता पदार्थ कोणावर ओरखडा काढतो, हे सांगणारी एक पट्टी आहे. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजतज्ज्ञाने ती १८१२ मध्ये मांडली. सर्वांत मऊ संगजिरे, त्याला १. सर्वांत कठीण हिरा, त्याला १०. आपलं नख साधारण अडीच, काच साधारण साडेपाच. आणि वाळूतली गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, ७! नियम सोपा आहे: मोठ्या आकड्याचा पदार्थ लहान आकड्याच्या पदार्थावर ओरखडा काढतो.

आपल्या महाराष्ट्राच्या जमिनीखाली बहुतेक ठिकाणी काळा बेसाल्ट आहे. त्याची खडी होते, तो दळून बांधकामाची वाळूही करतात. बेसाल्टमधली मुख्य खनिजं या पट्टीवर ५ ते साडेसहाच्या घरात बसतात. म्हणजे रस्त्यावरची, बांधकामावरची धूळ ही डोळ्यांना पिठासारखी दिसली, तरी तिच्यातले कितीतरी कण रंगाच्या थरापेक्षा कठीण असतात. पॉलिश पेपर म्हणजे तरी काय? कागदावर चिकटवलेले कठीण कण. धुळीच्या गाडीवर कोरडं फडकं फिरवलं की त्या क्षणापुरता आपण पॉलिश पेपरच तयार करतो. फडकं कितीही मऊ असो.

म्हणून आजच्या धड्याचं मुख्य वाक्य वहीत लिहून घ्या: ओरखडा पाणी काढत नाही, कापडही काढत नाही. कापडाखाली अडकून ओढली जाणारी धूळ ओरखडा काढते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका वाक्यातून निघतात.

ओरखडे गोल का दिसतात?

तक्रार करणाऱ्या सदस्यांचं म्हणणं होतं, "गोल ओरखडे आहेत, म्हणजे याने गोल गोल घासलं." आपल्यालाही असंच वाटतं. पण एक प्रयोग करून बघा.

स्वयंपाकघरातलं रोजच्या वापरातलं स्टीलचं ताट घ्या. खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलची टॉर्च लावा आणि ताटात तिचं प्रतिबिंब पाहा. प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसतील. आता टॉर्च सरकवा. वर्तुळंही टॉर्चबरोबर सरकतात! खरोखरच तिथे गोल ओरखडे असते, तर ते जागचे हलले असते का?

होतं असं. ताटावर हजारो बारीक ओरखडे सगळ्या दिशांनी पडलेले असतात. पण त्यांतला प्रत्येक ओरखडा प्रत्येक वेळी चमकत नाही. सायकलचं चाक डोळ्यांसमोर आणा. मधला तुंबा म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब. आऱ्यांच्या दिशेने जाणारे ओरखडे प्रकाश आपल्या डोळ्यांकडे पाठवत नाहीत, ते लपून राहतात. चाकाच्या कडेला समांतर असलेले, म्हणजे आऱ्यांना आडवे जाणारे ओरखडे तेवढे चमकतात. असे चमकणारे तुकडे जोडून आपल्या डोळ्याला वर्तुळ दिसतं. गाडीवर सूर्याभोवती किंवा पार्किंगच्या दिव्याभोवती दिसणारी वर्तुळं बहुतेक वेळा हीच असतात. गडद रंगावर ती जास्त उठून दिसतात. पांढऱ्या गाडीवरही ती असतात, फक्त दिसत नाहीत.

तेव्हा नुसती वर्तुळं पाहून कोणाचा हात कसा फिरला, हे ठरवता येत नाही. एवढंच कळतं की गाडी खूप वेळा धुळीसकट पुसली गेली आहे.

गाडी धुवायची कशी?

सामान फार लागत नाही. दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा (कार वॉश मिट), पुसायला मायक्रोफायबरचे दोन टॉवेल, चाकांसाठी एक वेगळं फडकं किंवा ब्रश, आणि झाडांवर फवारायचा पाच लिटरचा हातपंप. पंप नसेल तर तांब्या किंवा मग चालेल.

१. सावली आणि थंड बॉनेट. गाडी सावलीत घ्या. नुकतीच चालवून आणली असेल तर बॉनेट गार होऊ द्या. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि पाणी लगेच वाळतं, डाग राहतात, आणि ते डाग काढायला आपण पुन्हा घासतो.

२. चाकं आधी, आणि वेगळी. चाकांवर ब्रेकची पूड असते, तिच्यात लोखंडाचे कण असतात. चाकांचं फडकं चुकूनही गाडीच्या अंगाला लागता कामा नये. चाकं आधी उरकली की त्यांचे शिंतोडे धुतलेल्या गाडीवर उडत नाहीत.

३. हात न लावता पाणी. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि हीच आपण गाळतो. टपापासून खालपर्यंत पाणी सोडा आणि सुटी धूळ पाण्याबरोबर वाहून जाऊ द्या. हातपंपाने फवारलं तर पाणी कमी लागतं. चिखलाचे थर असतील तर ओले करून पाच मिनिटं थांबा, मग पुन्हा पाणी मारा. या पायरीला जेवढी धूळ गेली, तेवढे ओरखडे वाचले. प्रेशर पंप असेल तर नोझल हातभर लांब ठेवा. रंगाचा टवका आधीच उडालेला असेल तर जवळून मारलेल्या पाण्याने तो आणखी सुटतो.

४. शाम्पूचा भरपूर फेस. बायकांना हे पटकन कळेल: बांगड्या भरताना हाताला साबण का लावतात? बांगडी सरकावी म्हणून. शाम्पूचं काम नुसता मळ काढणं नाही, तर उरलेला कण रंगावर न रुतता घसरून जाईल असं वंगण देणंही आहे. बाटलीवर लिहिलंय तेवढाच घाला.

५. दोन बादल्या. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. मोजा शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, मग साध्या पाण्यात खळबळून धूळ काढा, पिळा आणि मगच पुन्हा शाम्पूत घाला. एकच बादली असेल तर आपण काढलेली धूळ पुन्हा पाण्यात आणि पाण्यातून पुन्हा गाडीवर नेतो. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी भाजी धुवायची जाळीची टोपली पालथी ठेवा. कण जड असल्याने खाली बसतात आणि जाळीमुळे मोजा त्या गाळापर्यंत पोचत नाही.

६. वरून खाली, सरळ रेषेत. आधी टप, मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर. सर्वांत जास्त खडे खालच्या भागावर असतात, म्हणून तो शेवटी. हात हलका ठेवा, मोज्याचं वजन पुरेसं असतं. सरळ रेषेतच का? तर चुकून ओरखडा पडलाच, तरी तो एकाच दिशेचा राहतो आणि ठरावीक कोनातूनच दिसतो. ताटाच्या प्रयोगात हे आपण पाहिलंच.

७. धुणं आणि टिपणं. फेस वाळायच्या आत पाणी मारा. नंतर मायक्रोफायबरचा मोठा टॉवेल पसरून वरून हलकेच थोपटा किंवा अलगद ओढा. लहान बाळाचं अंग टिपतो तसं. रगडायचं नाही.

मायक्रोफायबरच का? त्याचे धागे अगदी बारीक आणि फाटे फुटलेले असतात. धुळीचा कण त्या फाट्यांत आत शिरतो. सपाट स्पंजमध्ये किंवा घट्ट विणीच्या फडक्यात कण पृष्ठभागावरच राहतो आणि रंगावर घासला जातो. मात्र हे कापड जमिनीवर पडलं तर ते धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावायचं नाही. धुताना सुती कपड्यांबरोबर नको, त्यांचा कापूस याला चिकटतो. कपडे मऊ करायचं द्रवही नको, त्याने कापडाची पकड जाते.

गणिताच्या तासाला विचारा: चौकोनी टॉवेल एकदा अर्धा दुमडला, पुन्हा अर्धा दुमडला. उलटून पालटून वापरला तर किती स्वच्छ बाजू मिळतील? उत्तर आठ. दर भागाला नवी बाजू घेतली तर एका टॉवेलात निम्मी गाडी टिपून होते.

पाण्याचा हिशेब

"एवढं पाणी कुठून आणायचं?" हा प्रश्न आमच्याकडे रास्तच आहे. मीरा-भाईंदरला पाणी मुख्यतः स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून मिळतं. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या धरणावरच्या ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेत दररोज २१८ दशलक्ष लिटर पाणी आपल्या शहरासाठी ठरवलेलं आहे. कितीतरी सोसायट्यांचा उन्हाळा टँकरवर निघतो. तेव्हा पाणी जपूनच वापरायचं, पण जपायचं कुठे, हे कळायला हवं.

मुलांना घेऊन मोजा. पाइपने २० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो? आमच्याकडे दोन मिनिटं लागली. म्हणजे मिनिटाला १० लिटर. पाइप सुरू ठेवून पंधरा मिनिटं गाडी धुतली तर १५० लिटर गेले. शहरातल्या एका माणसाला दिवसभरासाठी १३५ लिटर पाणी, असं सरकारी प्रमाण आहे. म्हणजे एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्यापेक्षा जास्त पाणी एका गाडीवर गेलं!

आता वरची पद्धत मोजा. पंपाचे ५ लिटर, दोन बादल्यांत ८-८ लिटर, शेवटी धुवायला १० ते १५ लिटर. चाकं धरून ४० लिटरच्या आत काम होतं. आणि अशी गाडी आठवड्यातून एकदा धुतली तरी पुरते.

टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असू शकतात. थेंब गाडीवर वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर. म्हणून धुतल्यावर गाडी उन्हात वाळत ठेवायची नाही, लगेच टिपायची.

या चुका टाळूया

• रोज कोरडं फडकं किंवा कोरडा डस्टर फिरवणं. गाडी रोज चकचकीत दिसते, पण वर्षभरात पारदर्शक थर निस्तेज होतो. रोज पुसायच्याच असतील तर फक्त काचा, आरसे आणि दिवे ओल्या कापडाने पुसा. धुळीची गाडी धावते, तिला काही होत नाही.

• भांड्यांची वडी किंवा कपड्यांची पावडर. भांडी घासायच्या वडीत घासण्यासाठीच खनिजाची पूड घातलेली असते. कपड्यांच्या पावडरचे न विरघळलेले दाणे राहतात, आणि गाडीवरचं मेणाचं संरक्षणही त्याने निघून जातं.

• धुळीच्या गाडीवर कव्हर. वारा आला की कव्हर हलतं आणि आतल्या धुळीसकट गाडी दिवसभर घासली जाते. कव्हर घालायचं तर धुतलेल्या गाडीवरच.

• पक्ष्यांची घाण खरवडणं. ती आम्लयुक्त असते, रंगावर डाग पाडते, म्हणून लवकर काढायला हवी. पण वाळलेली खरवडू नका. ओलं कापड पाच-दहा मिनिटं वर ठेवा, नरम झाली की उचलून घ्या.

• पूजेचं हळदी-कुंकू हाताने पुसणं. दसऱ्याला बॉनेटवर स्वस्तिक काढतो, त्यावर दिवसभर धूळ बसते. दुसऱ्या दिवशी ते कोरड्या कापडाने पुसू नका, भरपूर पाणी सोडून वाहू द्या.

• पाऊस पडला म्हणजे गाडी धुतली गेली, असं समजणं. पावसाने वरची धूळ जाते, पण रस्त्यावरचा चिखल खालच्या भागावर बसतो. तो वाळला की पुन्हा धूळच.

ओरखडे पडलेच असतील तर?

दोन साध्या परीक्षा आहेत. ओरखड्यावर पाणी लावा. पाणी लावल्यावर तो दिसेनासा झाला, तर तो बहुधा वरच्या पारदर्शक थरातच आहे. पाणी खाच भरून काढतं, प्रकाश विखुरणं कमी होतं, म्हणून तो दिसत नाही. मग नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, तो रंगकाम करणाऱ्याकडेच न्यावा लागेल. नख अडकत नसेल तर पॉलिशने जातो.

पण पॉलिश म्हणजे काय, हेही समजून घ्या. पॉलिश ओरखडा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीला आणतं. पेन्सिलीच्या टोकासारखं आहे हे. प्रत्येक वेळी टोक छान होतं आणि पेन्सिल थोडी कमी होते. चाळीस-पन्नास मायक्रॉनमधून किती वेळा घासणार? म्हणून दरवर्षी पॉलिश करण्यापेक्षा धुण्याची सवय बदलणं स्वस्त पडतं.

वर्गासाठी आणि घरासाठी उपक्रम

१. वर दिलेला ताट आणि टॉर्चचा प्रयोग. नवं कोरं ताट आणि जुनं ताट शेजारी ठेवून तुलना करा.

२. जुनी सीडी घ्या. अर्ध्या भागावर मऊ कापड नुसतंच फिरवा, उरलेल्या भागावर चिमूटभर रस्त्याची धूळ टाकून तेच कापड तेवढ्याच जोराने फिरवा. दोन्ही भाग दिव्याखाली पाहा. कापड एकच होतं, मग फरक कशाने पडला, हे मुलांनाच सांगू द्या.

३. काचेच्या ग्लासात पाणी आणि मूठभर माती ढवळा. काय आधी खाली बसतं, काय तरंगत राहतं, हे पाच मिनिटं पाहून लिहा. दोन बादल्यांची पायरी इथे समजते.

४. घरच्या नळाचा वेग मोजा आणि गाडी, भांडी, अंगण यांसाठी लागणाऱ्या पाण्याचा तक्ता करा.

आणि मुलांना एक गोष्ट जरूर सांगा: कोणाच्याही धुळीच्या गाडीवर बोटाने नाव लिहू नका. गंमत धुतल्यावर जात नाही.

पुढे काय झालं?

दिवाळीच्या आधीच्या बैठकीत मी स्टीलचं ताट आणि टॉर्च घेऊन गेले. आधी ताटावरची वर्तुळं दाखवली, मग सगळ्यांना खाली नेऊन त्या काळ्या गाडीवर टॉर्च फिरवली. वर्तुळं टॉर्चच्या मागे फिरली. मग माझ्या बॉनेटवरचं "मला धुवा" दाखवलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही.

तेव्हा दादा म्हणाले, "बाई, मी तर कधीचा सांगतोय, पुसायच्या आधी पाणी द्या. पण पाणी वाचवायचं म्हणून खालचा नळच बंद केलाय. आणि गाडी तर रोज चकाचक पाहिजे. मग मी कोरडीच पुसणार ना?"

पाण्याचा नळ बंद करण्याचा ठराव आमचाच होता. रोज पुसून हवी, ही अटही आमचीच. दोन्ही अटी पाळायच्या तर कोरडं पुसणं सोडून त्या माणसापुढे दुसरा मार्ग नव्हता. आणि ओरखड्यांचे पैसे मात्र त्याच्याकडून घेतले.

त्यानंतर काही गोष्टी ठरल्या. सकाळी तासभर खालचा नळ सुरू राहतो. रोज फक्त काचा आणि आरसे, पूर्ण गाडी आठवड्यातून एकदा, वार वाटून. प्रत्येकाने आपल्या गाडीचे दोन टॉवेल, घर क्रमांक लिहून, दादांकडे द्यायचे. महिन्याचे पैसे पूर्वीएवढेच. पाणी वाढलं का, तेही मोजलं. वार वाटल्यामुळे दिवसाला चार-पाच बादल्यांच्या वर जात नाही.

कापलेले पाचशे रुपये मात्र परत मिळालेले नाहीत. तो विषय मी पुढच्या बैठकीच्या कामकाजात लिहून दिला आहे. पहिल्या बैठकीत ताट-टॉर्च काही लागणार नव्हतं. दादांनी आणलेलं फडकं हातात घेऊन पाहिलं असतं आणि "तुम्हाला काय वाटतं?" एवढं विचारलं असतं, तरी पुरे होतं. वर्गात मुलांना आपण रोज सांगतो, आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. त्या दिवशी मी ते विसरले, म्हणून हा धडा आधी माझा आणि मग तुमचा.

प्रयोग करून पाहिलात तर मुलांनी काय निरीक्षण नोंदवलं ते जरूर कळवा. पुन्हा भेटू पुढच्या पाठात.